चेस परगण्यांतील जुन्या इमारती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलें, तर तें कॅन्सस संस्थानावर पडतें. ह्या संस्थानाचे 105 भाग पाडलेले आहेत. तिकडे अशा भागास काउंटी म्हणतात. आपण सोयीसाठीं परगणा म्हणूं. त्यांपैकीं चेस परगणा 1859 सालीं स्थापन झाला. गुलामगिरीचा कट्टा विरोधक सॅमन चेस, जो पुढें लिंकनच्या मंत्रिमंडळांत खजिन्याचा मंत्री झाला, त्याचें नांव ह्या परगण्यास दिलेलें आहे. परगण्याचें क्षेत्रफळ सुमारें 778 चौरस मैल. आणि 2020 सालच्या खानेसुमारींत लोकसंख्या भरली अवघी 2,572. एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर मुलें असतात तितकीं माणसें, आणि तीं एवढ्या मुलखांत पसरलेलीं! 1900 च्या सुमारास हीच संख्या आठ हजारांच्या वर होती. म्हणजे माणसें निघून गेलीं, पण त्यांनीं बांधलेल्या इमारती मागें राहिल्या. त्या कोणीं सांभाळावयाच्या आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न तेथील थोडक्या लोकांपुढें उभा आहे.

हा सर्व मुलूख फ्लिंट हिल्स, म्हणजे चकमकीच्या टेंकड्या, ह्या नांवानें ओळखला जातो. मातीचा थर पातळ, त्याखालीं चुनखडीचा दगड, आणि त्यांत जागोजाग चकमकीचे खडे. नांगराचा फाळ तेथें टिकेना. त्यामुळें आसपासच्या प्रांतांतील गवताळ रानें नांगरून त्यांचीं शेतें झालीं, पण येथील गवत मात्र राहिलें. उत्तर अमेरिकेंतील ज्या उंच गवताच्या रानांचा विस्तार एके काळीं समुद्रासारखा होता, त्यांचा आज शेंकडा चार इतकाही भाग उरलेला नाहीं. आणि जो उरला आहे तो बहुतेक ह्याच टेंकड्यांत आहे. शेतकऱ्यानें टाकलेली ही जमीन गुराखी लोकांनीं उचलली. लांकूड मिळावयाचें तें फक्त नदी-ओढ्यांच्या कांठीं. दगड मात्र हवा तितका. म्हणून कचेरी, घर, कोठार, शाळा, पूल, कुरणाचें कुंपण, फार काय शौचकूपसुद्धां, सारें त्या पिवळसर दगडाचें बांधलेलें.

परगण्याचें मुख्य गांव कॉटनवुड फॉल्स. गांव लहान, मुख्य रस्ता विटांचा, आणि त्या रस्त्याच्या दक्षिण टोंकास परगण्याची न्यायकचेरी. ही इमारत 1873 सालीं पुरी झाली. तिचा आराखडा जॉन हॅस्केल ह्या शिल्पज्ञानें काढला. टोपेका येथील संस्थानाच्या राजभवनाच्या बांधकामांतही त्याचा हात होता. फ्रान्स देशांत त्या काळीं रूढ असलेल्या धर्तीचें तांबडें छप्पर, त्यावर घड्याळाचा मनोरा, आणि एकंदर उंची 113 फूट. आंत अक्रोडाच्या लांकडाचा चक्राकार जिना तीन मजले वर चढत जातो. हें लांकूड जवळच्याच कॉटनवुड नदीच्या कांठावरून आणलेलें आहे.

परगणा स्थापन होऊन चौदाच वर्षें झालेलीं, वस्ती नवी, बहुतेकांचीं घरें साधीं. अशा लोकांनीं एवढी थोरली इमारत कां उभारावी? कॅन्ससमध्यें त्या काळीं परगण्याच्या ठाण्याचा मान कोणत्या गांवास मिळावा ह्यावरून मोठे तंटे माजत. मला वाटतें, एवढा दगड एके ठिकाणीं रचला म्हणजे तो मान सहजासहजीं हलवितां येणार नाहीं, असा धूर्त हिशेबही त्या डौलाच्या मुळाशीं असावा. तो हिशेब खरा ठरला. आजही परगण्याचें कामकाज तेथेंच चालतें, आणि कॅन्ससमध्यें अद्याप वापरांत असलेली ही सर्वांत जुनी न्यायकचेरी होय. 1971 सालीं ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहींत तिचें नांव दाखल झालें.

विद्यार्थिमित्रहो, ही नोंदवही काय आहे, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण 'संरक्षित' हा शब्द फसवा आहे. न्यूयॉर्क शहरांतील पेनसिल्व्हेनिया स्टेशन ही भव्य इमारत 1963 सालीं पाडावयास घेतली, तेव्हां देशभर हळहळ व्यक्त झाली. त्यानंतर 1966 सालीं जुन्या वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला, आणि त्या कायद्यानें ही नोंदवही सुरू झाली. ती राष्ट्रीय उद्यान खात्याकडे असते. सामान्यतः पन्नास वर्षांहून जुनी वास्तु तींत घेतात. एखादी महत्त्वाची घटना तेथें घडलेली असावी, थोर व्यक्तीचा संबंध असावा, बांधणी नमुनेदार असावी, किंवा त्या जागेपासून गतकाळाची माहिती मिळण्यासारखी असावी. खाजगी मालकानें हरकत घेतली, तर नोंद होत नाहीं.

पण नोंद झाली म्हणून वास्तु सुरक्षित झाली, असें मात्र नाहीं. मालकानें उद्यां स्वतःच्या पैशानें ती पाडावयाचें ठरविलें, तर केवळ ह्या नोंदीच्या आधारें त्यास कोणी अडवूं शकत नाहीं. मध्यवर्ती सरकारचा पैसा किंवा परवाना ज्या कामांत असेल, त्या कामानें नोंदलेल्या वास्तूस काय इजा पोंचेल ह्याचा विचार आधीं झाला पाहिजे, एवढेंच बंधन. आणि तेंही सरकारवर, मालकावर नव्हे. उत्पन्नाची इमारत नियमाप्रमाणें दुरुस्त केल्यास खर्चाच्या पंचमांशाइतकी करांत सूट मिळते. प्रत्यक्ष पाडापाडीस मनाई करावयाची, तर ती स्थानिक नियमांनींच करावी लागते. सारांश, नोंदवही मान देते, पण पहारा करीत नाहीं. पहारा लोकांनींच करावयाचा.

तो कसा होतो, हें न्यायकचेरीच्या उत्तरेस, स्ट्राँग सिटी हें गांव ओलांडून गेल्यावर दिसतें. तेथें स्टीफन जोन्स ह्या धनिक गुराख्यानें 1881 सालीं टेंकडीच्या उतारावर अकरा खोल्यांचें दगडी घर बांधलें. शेजारीं 110 फूट लांब व 60 फूट रुंद असें तीन मजली दगडी कोठार. त्याच्या वरच्या मजल्यापर्यंत गवताच्या गाड्या थेट हांकीत नेतां याव्या म्हणून मातीच्या चढणी घातलेल्या. इतका खटाटोप करून जोन्सनें 1888 सालीं सगळें विकून टाकलें! पुढें मालक बदलत गेले. ह्या मुलखांत गवताचें राष्ट्रीय उद्यान करावें, अशी मागणी कित्येक वर्षें होत होती, आणि तेथील गुराखी तीस तितकाच विरोध करीत होते. सरकार एकदां शिरलें म्हणजे आपलीं कुरणें जातील, अशी त्यांस धास्ती. माझ्या मतें ही धास्ती अगदींच वेडेपणाची नव्हती. शेवटीं 1996 सालीं तडजोड निघाली. सुमारें 10,900 एकरांच्या ह्या राखीव रानाची व्यवस्था उद्यान खात्यानें पाहावयाची, परंतु सरकारनें स्वतःच्या मालकीची जमीन 180 एकरांहून अधिक ठेवावयाची नाहीं. बाकीच्या जमिनीची मालकी खाजगी संस्थेकडे राहिली. 2009 सालीं तेथें 13 रानगवे आणून सोडले. घर आणि कोठार आज पाहुण्यांस पाहावयास मिळतात.

शिक्षकाचा पेशा असल्यामुळें माझें लक्ष मात्र जवळच्याच एका लहान इमारतीकडे अधिक वेधतें. लोअर फॉक्स क्रीक शाळा असें तिचें नांव. जोन्सनें दिलेल्या जागेवर ती 1882 सालीं बांधली. गवताच्या टेंकडीवर एकाकी उभी असलेली दगडी एकच खोली, आणि एकच शिक्षक. पहिलीपासून आठवीपर्यंतचीं मुलें तींतच बसत. एका इयत्तेचें वाचन घेतांना दुसरीस हिशेब देऊन ठेवावयाचा, तिसरीकडे डोळा ठेवावयाचा, आणि चुलींत लांकूड सरकवावयाचें तेंही स्वतःच. हें ज्यानें केलें असेल त्यासच त्याचे श्रम ठाऊक! वस्ती विरळ होत गेली, पट घटला, आणि 1930 सालीं शेवटचा वर्ग भरला. पुढें तेथें गवत सांठवूं लागले. 1968 पासून आसपासच्या बागवानी-मंडळांनीं मनावर घेऊन शाळेची डागडुजी आरंभिली, आणि 1974 सालीं तिची नोंद झाली. क्रम लक्षांत घ्यावा: आधीं हात लागले, मग नोंद.

क्लेमेंट्स येथें कॉटनवुड नदीवर दोन कमानींचा दगडी पूल आहे, तोही गेल्याच्या मागील शतकांतला. त्यावरून आतां गाड्या जात नाहींत. लोक पायीं हिंडतात आणि पाणी पाहतात. कॉटनवुड फॉल्स येथील 1914 सालच्या जुन्या पुलाचीही तीच स्थिति. वाहतूक शेजारच्या नव्या पुलावर गेली, पण जुना काढून टाकला नाहीं.

एक गोष्ट मात्र ह्या यादींतून कळत नाहीं. ज्या कॉ लोकांच्या दुसऱ्या नांवावरून कॅन्सस हें नांव पडलें, ते पिढ्यान् पिढ्या ह्या मुलखांत शिकार करीत होते. चेस परगण्याच्या उत्तरेस, कौन्सिल ग्रोव्ह गांवाजवळ, सरकारनें त्यांस शेवटची जागा नेमून दिली होती. 1873 सालीं, म्हणजे न्यायकचेरीचा मनोरा पुरा झाला त्याच वर्षीं, त्यांना तेथून हलवून दक्षिणेस आजच्या ओक्लाहोमा संस्थानांत नेलें. त्यांचीं घरें सालींचीं, चटयांचीं नि कातड्यांचीं; तीं कोठून उरणार? सरकारनें मात्र तत्पूर्वीं त्यांच्यासाठीं शंभरावर लहान दगडी घरें बांधून दिलीं होतीं. कॉ लोकांनीं तीं फारशीं मानवून घेतलीं नाहींत. ते आपल्या जुन्या पद्धतीच्या घरांतच राहत आणि दगडी घरांत जनावरें बांधीत. 2000 सालीं कॉ लोकांनीं आपल्या जुन्या जागेपैकीं कांहीं जमीन पैसे देऊन परत विकत घेतली. तेथें आज त्या दगडी घरांचे पडके अवशेष आहेत, आणि आतां त्यांची निगा कॉ लोकच राखतात.