परक्या देशात आपला पैसा

परदेशी जाताना पैसा कसा न्यावा, तो कोठे बदलावा आणि कसा जपावा, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना वही-पेन्सिल जवळ ठेवा. थोडे गणितही करायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, समजा, कुरखेड्यातील तुमच्या घरी आज गडबड आहे. तुमची दादी हजला निघाली आहे. धान विकून, तेंदूपानांच्या हंगामात राबून तिने वर्षानुवर्षे पैसे साठवले आहेत. एस.टी.ने देसाईगंज, ब्रह्मपुरीवरून ती नागपूरला जाईल आणि तेथून विमानाने सौदी अरबस्तानात. तिच्या बटव्यात पाचशेच्या नोटा आहेत. पण तेथे व्यवहार रियालमध्ये होतो. मग दादीने काय करावे? घरात वाचता-लिहिता येणारे आणि हिशेब जाणणारे तुम्हीच आहात. म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे.

एके काळी मात्र आखाती देशांपैकी काही देशांत आपला रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. यात्रेकरू त्या नोटा तेथे देऊन रियाल घेत. पुढे ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी पावणेपाच रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. ज्या आखाती देशांत तोवर रुपया चालत होता, त्यांनीही पुढे तो सोडून दिला. हजच्या नोटाही पुढे बंद झाल्या.

आता मुख्य गोष्ट समजून घ्या. तांदळाला जसा भाव असतो, तसा परक्या चलनालाही भाव असतो. आणि एका वेळी तो एक नसतो, दोन असतात. दुकानदार रियाल विकतो तो भाव जास्त आणि तुमच्याकडून विकत घेतो तो भाव कमी. समजा, विक्रीचा भाव २४ रुपये आणि खरेदीचा २२ रुपये आहे. दादीने १,००० रियाल घेतले, तर २४,००० रुपये लागले. त्यांतले ३०० रियाल उरले. त्यांच्यासाठी तिने ७,२०० रुपये मोजले होते. परत मिळाले ६,६०० रुपये. म्हणजे ६०० रुपये गेले! म्हणून आधी खर्चाचा अंदाज करावा आणि लागेल तेवढेच चलन घ्यावे.

भाव रोज बदलतो. १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर सौदी अरबस्तानाने कायम ठेवला आहे. त्यामुळे आपल्याकडे डॉलर महागला की रियालही महागतो. तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. “भाव काय?” एवढेच विचारू नका. “सगळे शुल्क धरून माझ्या हाती किती रियाल पडतील?” असे विचारा.

चलन कोठे घ्यावे? परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विनिमय-दुकानातूनच. जाताना पासपोर्ट आणि पॅन कार्ड बरोबर असावे. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचे चलन घ्यायचे असल्यास पैसे रोख चालत नाहीत, बँकेमार्फत द्यावे लागतात. बहुतेक देशांना जाताना एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा नेता येतात. हज आणि उमराहच्या यात्रेकरूंना यात सवलत आहे. पावती अवश्य घ्या. रस्त्यावरचा दलाल जास्त भाव सांगतो, पण पावती देत नाही. असा व्यवहार बेकायदा असतो, आणि नोट खोटी निघाली तर दाद कोणाकडे मागणार?

पूर्वी हज कमिटी यात्रेकरूंना निघण्याआधी २,१०० रियाल हाती देत असे. २०२३ पासून ही सक्ती उठली. प्रत्येकाने आपली सोय आपण करावी, असे ठरले. जबाबदारी वाढली, म्हणून सावधपणाही वाढायला हवा.

सारी रक्कम एका जागी ठेवू नये. थोडी कमरेच्या बटव्यात, थोडी सामानात कुलपाखाली आणि रोजच्या खर्चाची वेगळ्या पाकिटात. गर्दीत मोठी नोट काढू नये. चहासाठी, टॅक्सीसाठी सुटे रियाल असावेत.

रोख पैशांबरोबर एक कार्डही असावे. बँकेत आगाऊ रियाल भरून घेतलेले कार्ड मिळते. त्यात भाव घेतानाच ठरतो. नेहमीचे कार्ड नेणार असाल, तर त्याची परदेशातील सोय आधी सुरू करून घ्या. ती सहसा बंद असते. बँकेचा संदेश ज्या मोबाइल क्रमांकावर येतो, तो क्रमांक तेथेही चालू राहिला पाहिजे. गुप्त क्रमांक कार्डावर लिहू नये. कार्ड हरवल्यास कळवण्याचा बँकेचा फोन क्रमांक मात्र वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा.

कार्डाचे यंत्र कधी कधी विचारते, “रुपयांत की रियालमध्ये?” रुपया आपला, म्हणून हात तिकडे वळतो. पण रुपये निवडले की भाव त्या यंत्रामागची संस्था ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. म्हणून ज्या देशात आहात, तेथील चलन निवडा. यंत्रातून पैसे काढताना दर वेळी शुल्क लागू शकते; दहा वेळा थोडे थोडे काढू नका.

परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बदलून घ्यावे. २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

हेच नियम सहलीला किंवा शिक्षणाला जाणाऱ्यालाही उपयोगी आहेत.

शेवटी एक गंमत. मराठीत ‘सराफ’ म्हणजे सोन्या-चांदीचा व्यापारी. हा शब्द अरबीतून आला. तेथे ‘सर्राफ’ म्हणजे नाणी बदलून देणारा. आज सौदी अरबस्तानात पैसे देणाऱ्या यंत्रावरही हाच शब्द लिहिलेला असतो. तुम्हांला उर्दू लिपी येते, म्हणून तो तुम्ही ओळखाल. दादीला तो शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्याच कागदाच्या मागे रोजचा खर्च मांडायला रकाने आखा. तिने अनेक वर्षांत जमवलेला पैसा आहे. त्याचा हिशेब नीट राहिला, तर तिचे मनही निश्चिंत राहील.

शब्दार्थ
चलन – देशात व्यवहारासाठी चालणारा पैसा
अवमूल्यन – परक्या चलनाच्या तुलनेत आपल्या चलनाची किंमत कमी करणे
विनिमय – अदलाबदल
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय
१. चलनाचे दोन भाव कोणते? त्यांत फरक का पडतो?
२. दादीचे ५०० रियाल उरले असते, तर वरील भावाने तिला किती तोटा झाला असता?
३. रस्त्यावरच्या दलालाकडून चलन का घेऊ नये?
४. रक्कम, हिशेब, सराफ यांसारखे उर्दू व मराठीत सारखे असणारे आणखी पाच शब्द लिहा.