शेंडा, मूळ आणि ताण




संजीवक म्हणजे झाडाने स्वतःच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार केलेले आणि एका अवयवाची स्थिती दुसऱ्या अवयवाला कळवणारे रसायन. ते अन्न नव्हे आणि खतही नव्हे. नत्र, स्फुरद आणि पालाश पिकाचे शरीर घडायला लागतात. त्या शरीराने कुठे वाढायचे, कुठे थांबायचे, केव्हा फुटायचे आणि केव्हा पान गाळायचे, हे संजीवकांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही पाच संजीवके सर्वांत परिचित. जास्मोनेट आणि स्ट्रायगोलॅक्टोन यांची भर पुढे पडली. निपाणीच्या काळ्या रानातला तंबाखू, चिकोडी-रायबागचा ऊस, अथणीची द्राक्षे आणि खानापूरचे भात या पिकांत त्यांची कामे उघड्या डोळ्यांना दिसतात. शेती हाती घेणाऱ्या तरुणाने दुकानातल्या बाटल्यांची नावे पाठ करण्याआधी ही कामे रानात उभे राहून ओळखायला शिकावे.

सुरुवात तंबाखूपासून करावी. निपाणी भागात बिडीच्या तंबाखूची लागण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते आणि पीक थंडीत बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर वाढते. कळी दिसू लागली की शेंडा खुडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत पानांच्या बगलेतले सुप्त डोळे फुटतात आणि बगलफूट वारंवार काढावी लागते. याचे कारण ऑक्झिन. शेंड्यावरची कोवळी पाने ऑक्झिन तयार करतात. ते खोडातून खाली उतरत राहते, तोवर बगलेतले डोळे दबून राहतात. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर हे दाखवून दिले. शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावले, तर डोळे फुटले नाहीत. शेंड्याचा हा अंमल फक्त ऑक्झिनवर चालत नाही. शेंडा गेल्यावर त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि सायटोकायनिन डोळ्यांना फुटायला लावते. म्हणून एकदा बगलफूट काढून काम संपत नाही. शेंडा खुडून बगलफूट तशीच राहू दिली, तर पानासाठी राखलेले अन्न फुटव्यांत जाते आणि खुडणीची मजुरी वाया जाते.

खुडणीचा दुसरा परिणाम जमिनीखाली होतो. तंबाखूतले निकोटिन पानात साठते, पण तयार होते मुळात. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कलमांच्या प्रयोगांनी हे सिद्ध झाले. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे कलम बांधले, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटिन आले. टोमॅटोच्या मुळावर बांधलेल्या तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ आले नाही. शेंडा खुडला की मुळाची वाढ जोर धरते आणि निकोटिनचे उत्पादन वाढते. पाने ओरबाडली गेली किंवा अळीने खाल्ली, तर जखमेतून निर्माण होणारे जास्मोनेट हाच निरोप मुळापर्यंत पोहोचवते. निकोटिन हे झाडाचे किडीविरुद्धचे हत्यार आहे. पानाची जाडी, वजन आणि कडकपणा यांचा संबंध त्यामुळे खुडणीच्या वेळेशी आणि मुळाच्या तब्येतीशी थेट जुळतो. ज्याला तंबाखूची प्रत सुधारायची आहे त्याने पानाइतकेच लक्ष मुळाकडे द्यावे.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतही तंबाखूचे स्थान मोठे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातला गाभा काचेच्या नळीत वाढवला आणि १९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्झिन सायटोकायनिनच्या मानाने जास्त ठेवले तर गाभ्याला मुळे फुटली, सायटोकायनिन जास्त ठेवले तर कोंब फुटले, दोन्ही मध्यम ठेवली तर आकारहीन पेशींचा गोळा तयार झाला. उतिसंवर्धित केळीची रोपे याच तत्त्वावर तयार होतात. त्यातला धडा असा की कोणतेही संजीवक एकटे चांगले किंवा वाईट नसते. प्रमाण, अवयव आणि वेळ यांवर परिणाम ठरतो.

शेंड्याच्या दाबाचे तत्त्व उसात जेठ्या, म्हणजे मुख्य, कोंबात दिसते. जेठा कोंब योग्य वेळी काढला की त्याचा दाब सुटतो आणि फुटवे एकसारखे येतात. उलट ऊस तुऱ्यावर आला की वाढीचा शेंडाच फुलोऱ्यात बदलतो. नवी कांडी पडत नाही, वरच्या डोळ्यांना पांगशा फुटतात आणि तोड लांबली तर कांड्यात दशी पडून साखर घटते. तुऱ्याचा निर्णय मात्र तुरा दिसण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्याच्या शेवटी दिवस लहान होऊ लागतात तेव्हा शेंड्यात झालेला असतो. म्हणून उघडा तुरा दिसल्यावर केलेली कोणतीही फवारणी व्यर्थ असते. तिथे एकच उपाय, तोडणीचा क्रम लवकर लावणे.

मूळ जमिनीशीही बोलते, आणि त्याची किंमत निपाणीच्या तंबाखूला मोजावी लागते. जमिनीत स्फुरद कमी पडला की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन बाहेर सोडतात. उपकारक बुरशीला जवळ बोलावण्यासाठी ही हाक असते. ती बुरशी मुळाला स्फुरद आणून देते. पण तीच हाक बंबाखू या परजीवी तणाचे बी ऐकते. बंबाखूला हिरवे पान नसते. तो तंबाखूच्या मुळाला चिकटून सगळे अन्न तिथूनच ओढतो. ज्वारीवरचा टारफुलाही यजमानाच्या मुळाचा हाच संकेत ओळखून उगवतो. या गटातले पहिले रसायन १९६६ साली कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे करण्यात आले आणि तेच झाडाच्या आत फुटव्यांवर नियंत्रण ठेवते, हे २००८ साली स्पष्ट झाले. बंबाखूचे बी धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यामुळे तो फुलण्याआधी उपटून रानाबाहेर नेऊन नष्ट करावा, आणि जमिनीतला स्फुरद मातीपरीक्षणाने तपासत राहावा.

पाण्याचा ताण पडतो तेव्हा ॲब्सिसिक आम्ल पुढे येते. माती सुकू लागली की झाडात त्याचे प्रमाण वाढते. पानाच्या पर्णरंध्रांभोवतीच्या पेशींतून पालाश आणि पाणी बाहेर पडते, पेशी सैल होतात, रंध्र मिटते. पाणी वाचते, पण त्याच दारातून येणारा कर्बवायूही थांबतो आणि अन्न तयार होण्याचा वेग घटतो. त्याच वेळी जिबरेलिन कमी होते. जिबरेलिनच्या अभावी पेशींत वाढ रोखणारी प्रथिने टिकून राहतात आणि रोप मुद्दाम लहान राहते. मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावरील २००६ सालच्या संशोधनात असे आढळले की ही रोखणारी प्रथिने काढून टाकलेली रोपे खाऱ्या पाण्यात लवकर मेली. खुंटणे हे ताणातल्या झाडाचे हरणे नसते, तो तग धरण्याचा निर्णय असतो. अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात ताणात असलेल्या पिकावर वाढीचे संजीवक मारणे म्हणजे त्या निर्णयाविरुद्ध झाडाला नसलेले पाणी खर्च करायला लावणे. तिथे आधी पाणी, आच्छादन आणि कोळपणी; फवारणीचा विचार त्यानंतर.

पाणी साचल्यावर परिस्थिती उलटी होते. बुडालेल्या मातीत हवा शिरत नाही. पाण्यातून वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. मुळे गुदमरतात आणि झाडात तयार झालेला इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही. टोमॅटोत हे चांगले अभ्यासले गेले आहे. इथिलीनची आधीची पायरी मुळात साचते, प्राणवायू नसल्याने तिथे तिचे इथिलीन होत नाही, ती रसासोबत पानात चढते आणि तिथे इथिलीन होऊन देठ खाली वाकतात. तंबाखू साचलेल्या पाण्याला फार हळवा आहे. रानात पाणी उभे असतानाही तो मान टाकतो, कारण प्राणवायूविना मूळ पाणी ओढू शकत नाही. अशी पाने पाहून आणखी पाणी देणारा शेतकरी पीक बुडवतो. चर काढून पाणी बाहेर काढणे आणि वाफसा येऊ देणे हाच उपचार.

भात मात्र पाण्यात राहायला शिकलेले आहे. त्याच्या मुळांत इथिलीनच्या संकेताने हवेच्या पोकळ्या तयार होतात. खोल पाण्यातल्या जाती इथिलीन आणि जिबरेलिन यांच्या बळावर झपाट्याने उंच होऊन पाते पाण्यावर काढतात. ओडिशातल्या एका जुन्या जातीने दुसरा मार्ग धरला. बुडाल्यावर ती वाढ थांबवून साठा राखते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उठते. त्यामागचे जनुक २००६ साली ओळखले गेले आणि ते घातलेली स्वर्णा-सब१ ही जात २००९ मध्ये भारतात प्रसारित झाली. ती सुमारे दोन आठवडे बुडून तग धरते. ऑगस्ट २०१९ सारखा पूर वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठी पुन्हा येऊ शकतो. नदीकाठच्या रानात कोणते पीक किती दिवस पाण्याखाली टिकते, हे पेरणीपूर्वी विचारात घ्यावे.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत ओल असूनही झाडाला ती मिळत नाही, म्हणून तिथे दुष्काळातलेच संकेत उमटतात; पुढे पानांत सोडियम साचून कडा करपतात. निचरा, पाण्याचा बेताने वापर आणि सेंद्रिय खत यांना तिथे पर्याय नाही.

बाहेरून दिलेले संजीवक खरोखर उपयोगी पडते ते द्राक्षात. तिथले मुख्य संजीवक जिबरेलिन. भातातल्या एका रोगामुळे रोपे अवाजवी उंच होत, त्याचा शोध घेताना शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले की हे काम बुरशीच्या स्रावाचे आहे. त्यातून पुढे ते हाती आले. द्राक्षाच्या बिया जिबरेलिनचा स्रोत असतात. बिनबियांच्या जातीत तो नसल्याने मणी लहान राहतात, म्हणून घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. मात्र एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांत आकार घेत असतात तेव्हा, जिबरेलिन त्या सूक्ष्म घडाला बाळीकडे, म्हणजे तणाव्याकडे, वळवते आणि सायटोकायनिन घडाकडे. म्हणून त्या काळात बागायतदार क्लोरमेक्वाट या वाढरोधकाने जिबरेलिन रोखतात, पाणी व नत्र आवरतात आणि डोळ्यांवर ऊन पडू देतात. एकच रसायन एका महिन्यात मणी फुगवते आणि दुसऱ्या महिन्यात पुढच्या वर्षाचा घड जिरवते.

संजीवकाचे विष कसे होते ते २,४-डी दाखवते. हे कृत्रिम ऑक्झिन उसातल्या रुंद पानांच्या तणांवर मारतात. उसाला ते सोसते, पण वाऱ्याने बांधापलीकडे गेले तर तंबाखू, सोयाबीन, टोमॅटो, द्राक्ष यांची पाने पिळवटतात आणि शेंडे वाकडे होतात. त्याची फवारणी वारा असताना करू नये, आणि त्या पंपाने दुसऱ्या पिकावर काहीही मारू नये. शेजाऱ्याचे पीक सांभाळणे हे शेतकऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

यातून वागण्याचा क्रम ठरतो. पीक बिघडलेले दिसले की आधी मुळाशी खणून ओल, हवा आणि मुळाचा रंग पाहावा. मग खत आणि कीड-रोग तपासावेत. एवढे करूनही संजीवक हवेच वाटले, तर पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या अवस्थेत ते संजीवक काय करते, हे निपाणीच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी खात्यात विचारून ठरवावे. मात्रा नेमकी मोजावी. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध संजीवक म्हणजे दहा पीपीएम, आणि दहा व शंभर पीपीएमचे परिणाम अगदी वेगळे असू शकतात. ताणातल्या पिकावर, भर उन्हात, किंवा घटकांचे नाव व प्रमाण न छापलेल्या बाटलीतून कधीही फवारू नये. पहिल्या वर्षी दोन ओळींवर मारून शेजारच्या दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि फरक वहीत लिहावा. झाड आपला ताण स्वतः ओळखते आणि स्वतःची तजवीज करते. शेतकऱ्याने त्या तजविजीला साथ द्यावी, आड येऊ नये.