करार संपल्यावर खेळाडू कोणाचा?

व्यापारी कायद्याच्या तासाला भारतीय करार अधिनियम, १८७२ मधले कलम २७ शिकवून झाले, तेव्हा ते मला सगळ्यांत सोपे कलम वाटले होते. कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, हा त्याचा आशय. त्यात अपवाद एकच, तो धंद्याच्या नावलौकिकाच्या, म्हणजे गुडविलच्या विक्रीचा. वहीत चार ओळी झाल्या आणि आम्ही पुढच्या कलमाकडे वळलो.

हे कलम मला खऱ्या अर्थाने कळले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, सुरतेच्या पांडेसऱ्यात. आणि तेही आधी चुकीचा सल्ला देऊन. हा लेख व्यावसायिक खेळाडूंच्या करारांवर आहे. परंतु त्याची सुरुवात माझ्या चुकीपासून केलेली बरी.

पांडेसऱ्यात माझी आत्या राहते. औद्योगिक वसाहतीत डाईंग-प्रिंटिंगच्या मिल, आणि भोवतीच्या वस्तीत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे, ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे कामगार. माझा आतेभाऊ एका मिलच्या लॅबमध्ये शेड जुळवतो. व्यापाऱ्याने पाठवलेली कापडाची चिंधी पाहायची आणि तोच रंग येण्यासाठी कोणता रंग किती घालायचा हे काढायचे, हे त्याचे काम. हाताला आणि डोळ्याला बसलेले काम असल्याने त्याला मागणी आहे. दुसऱ्या एका मिलने त्याला महिना पाच हजार रुपये जास्त देऊ केले होते.

अडचण एका कागदाची होती. कामावर घेताना त्याच्याकडून गुजरातीत लिहिलेल्या करारावर सही घेतली होती. मुदत दोन वर्षांची. मुदतीत दुसरीकडे काम करायचे नाही. आणि काम सोडल्यानंतरही दोन वर्षे सुरतेतल्या दुसऱ्या कोणत्याही डाईंग मिलमध्ये जायचे नाही. मुदतीतले पाच महिने अजून बाकी होते. कराराची प्रत त्याच्याजवळ नव्हती. मोबाईलवर काढलेला एक अंधुक फोटो तेवढा होता.

मी तो फोटो पाहिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "दादा, कलम सत्तावीस! हा करारच रद्दबातल आहे. तू उद्याच सोड."

आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आणि चालू महिन्याचा पगार? तो काय तुझ्या पुस्तकातून मिळायचा?"

पगाराचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. कायदाही मला अर्धाच ठाऊक होता, हे त्या रात्री निवाडे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले.

मुदतीतले बंधन आणि मुदतीनंतरचे बंधन

निरंजन शंकर गोलिकरी हे सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात, टायर-कॉर्डच्या विभागात, शिफ्ट सुपरवायझर होते. त्यांचा करार पाच वर्षांचा होता आणि मुदत संपेपर्यंत दुसरीकडे काम न करण्याची अट त्यात होती. मुदत संपण्यापूर्वीच ते कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत रुजू झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६७ साली न्यायालयाने निर्णय दिला की, नोकरीच्या मुदतीपुरते घातलेले असे बंधन कलम २७ खाली सहसा रद्दबातल ठरत नाही. म्हणजे दादाच्या कागदातली पहिली अट टिकणारी होती. माझा सल्ला मानून तो दुसऱ्या दिवशी निघून गेला असता, तर करारभंग त्याच्याच माथी आला असता.

दुसऱ्या अटीचे उत्तर मला एका क्रिकेटपटूच्या प्रकरणात सापडले. श्रीरामपूरचा झहीर खान भारतीय संघात आला त्याच वर्षी, २००० साली, पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी त्याने तीन वर्षांचा करार केला. हा करार खेळण्याचा नव्हता. जाहिरातींची व प्रसिद्धीची कामे पाहण्याचा होता. त्यात अशी अट होती की, मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर झहीरने तो आधी पर्सेप्टला कळवावा आणि तेवढ्याच मोबदल्यात काम करण्याची संधी तिला द्यावी. मुदत संपल्यावर झहीर दुसरीकडे जाऊ लागला, तेव्हा पर्सेप्टने न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयातून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ साली निकाल झहीरच्या बाजूने लागला. मुदतीनंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम २७ मध्ये बसत नाही, हा त्याचा गाभा.

या दोन निवाड्यांत विरोध नाही. करार चालू असताना शब्द पाळावा. करार संपल्यावर माणूस मोकळा. सगळा वाद या दोहोंमधल्या रेषेवर आहे.

बरोबरी करण्याचा हक्क

कोणी म्हणेल, दुसरा देतो तेवढेच पैसे जुना मालक देणार असेल, तर त्यात नुकसान ते काय? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात स्वच्छ दिसते. 'फ्री एजंट', म्हणजे करारमुक्त खेळाडू, हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आला तोही अमेरिकी खेळांतूनच.

एन.बी.ए. या बास्केटबॉल लीगमध्ये पूर्वी खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा संघाचा हक्क संपत नसे. दुसरा संघ त्याच्याशी बोलणी करू शकत नसल्याने त्याचा बाजारभाव असा नव्हताच. ऑस्कर रॉबर्टसन हा मोठा खेळाडू खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० साली त्याच्या नावाने लीगविरुद्ध दावा दाखल झाला आणि १९७६ मध्ये तडजोड होऊन ही जुनी पद्धत मोडली. तरीही पूर्ण मोकळीक लगेच मिळाली नाही. बराच काळ जुन्या संघाकडे बरोबरी करण्याचा हक्क राहिला. १९८८ मध्ये अनुभवी खेळाडूंना विनाअट मोकळीक मिळाली, आणि टॉम चेंबर्स सिएटल सोडून फिनिक्सला गेला तो तिचा पहिला लाभार्थी.

आता बरोबरीच्या हक्काने भाव का पडतो ते पाहू. समजा, मी तिसरा संघ आहे. खेळाडूची पारख करायची, हिशेब मांडायचा, बोली लावायची, आणि शेवटी जुना संघ म्हणणार, "तेवढेच आम्ही देतो, खेळाडू आमचाच." मग मी एवढी खटपट करू कशाला? गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरते. विकणाऱ्याला मनाई कोणीच केलेली नसते, पण खरेदीदार कमी झाला की भाव आपोआप उतरतो.

आपल्याकडील आयपीएलच्या लिलावात हा हक्क 'राइट टू मॅच' या नावाने आला. २०१४ आणि २०१८ च्या मोठ्या लिलावांत जुना संघ शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन खेळाडू परत घेऊ शकत असे. २०२५ च्या हंगामासाठी नियम थोडा बदलला. जुन्या संघाने हक्क सांगितला, तर सर्वोच्च बोली लावणाऱ्याला एकदा रक्कम वाढवण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंतवरची बोली २०.७५ कोटींवर थांबली. दिल्लीने हक्क सांगितला. लखनौने एकदम २७ कोटींचा आकडा उच्चारला आणि दिल्लीने माघार घेतली. नियमातल्या एका ओळीने सव्वासहा कोटींचा फरक पडला. खेळाडू तोच, संध्याकाळही तीच!

अदलाबदलीचे गणित

संघांच्या बाजूनेही हिशेब असतो. एन.बी.ए.मध्ये १९८४-८५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. त्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. आयपीएलमध्येही संघाची थैली ठरलेली असते. थैली ठरलेली असली, की एका खेळाडूला घेणे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी सोडणे. अर्थशास्त्रात आपण याला वैकल्पिक खर्च म्हणतो.

उदाहरण सुरतेत जन्मलेल्या खेळाडूचेच घेऊ. हार्दिक पांड्याला मुंबईने २०१५ मध्ये १० लाखांना घेतले होते. २०२२ मध्ये तो १५ कोटींवर गुजरातचा कर्णधार झाला आणि पहिल्याच वर्षी संघाने विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला अदलाबदलीच्या मुदतीत परत आणले. त्या वेळी मुंबईच्या थैलीत १५.२५ कोटी उरले होते. हार्दिकचे १५ कोटी गेल्यावर हातात राहिले २५ लाख. तेवढ्यात उरलेला संघ कसा उभारणार? म्हणून १७.५ कोटींचा कॅमरन ग्रीन बंगळूरला देण्यात आला आणि थैली १७.७५ कोटींवर आली. सुरतेचा मुलगा, मुंबईचा संघ आणि भरपाई बंगळूरच्या खिशातून, असा हा तिहेरी व्यवहार!

अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. लिलावात मात्र तसे नाही. तिथे खेळाडू आपली मूळ किंमत सांगतो आणि नाव नोंदवतो. पुढे कोणत्या गावाकडून खेळायचे, हे बोली ठरवते. अमेरिकेतला करारमुक्त खेळाडू 'कोणाकडे' आणि 'कितीला' या दोन्ही प्रश्नांवर बोलू शकतो. आपल्याकडे लिलावात 'कितीला' याचे उत्तर भरघोस मिळते, पण 'कोणाकडे' हा प्रश्न खेळाडूच्या हाती राहत नाही. यातले बरे कोणते, यावर मतभेद होतील. दोन्ही एक नव्हेत, एवढे मात्र निश्चित.

पुन्हा पांडेसरा

दादाचे पुढे काय झाले? मी माझी चूक कबूल केली आणि आत्याच्या ओट्याशी बसून आम्ही नव्याने विचार केला. दिवाळीला सुरतेच्या मिल बंद होतात, कामगार गावी जातात आणि पुष्कळजण उशिरा परततात. त्यामुळे दिवाळीनंतरच्या दिवसांत जाणत्या हाताची किंमत वाढते. दादाने त्याच वेळी मालकाची गाठ घेतली. बाहेरून मागणी आहे हे त्याने लपवले नाही. मुदत पूर्ण करीन, शेडची वही जागेवर ठेवीन, पण नव्या कराराला दोन वर्षांच्या बंदीची अट नको, असे त्याने सांगितले. मालकाने पगार दोन हजारांनी वाढवला. अट काढायला मात्र नकार दिला. दादाने नव्या कागदावर सही केली नाही. मुदत संपली त्या दिवशी रीतसर पत्र देऊन तो दुसऱ्या मिलमध्ये रुजू झाला. शेवटच्या महिन्याचा पगार जुन्या मिलने सहा आठवडे अडवून ठेवला. ते सहा आठवडे आत्याने साठवलेल्या पैशांवर निघाले.

हे सहा आठवडे मी विसरलेलो नाही. कलम २७ ने दादाला 'नाही' म्हणण्याचा हक्क दिला. तो हक्क पेलण्याचे बळ मात्र आत्याच्या डब्यातल्या नोटांनी दिले. पंतसाठी दोन धनाढ्य संघ भांडतात तेव्हा त्याला थांबण्याची भीती नसते. दादाला ती होती. वाटाघाटीत ज्याला थांबता येते त्याचे पारडे जड, हे तत्त्व जेद्दाहच्या सभागृहात आणि पांडेसऱ्याच्या लॅबमध्ये सारखेच लागू पडते. फक्त थांबण्याची ऐपत सारखी नसते.

मित्रहो, एक-दोन वर्षांत आपणही कोणाच्या तरी कागदावर सही करणार आहोत. बँका आणि कंपन्या 'बाँड' लिहून घेतात. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली, हेही आपल्याला माहीत असले पाहिजे. म्हणून सहीपूर्वी इतके तरी विचारावे: मुदत किती? मुदतीत सोडले तर काय भरावे लागेल? मुदत संपल्यावर माझ्यावर कोणते बंधन राहते? आणि कराराची प्रत माझ्याजवळ आहे का?

माझी आई कानडी बोलते, माझी शाळा मराठी. आईच्या भाषेत कराराला 'करारु' म्हणतात. शब्द एकच, शेवटी एक उकार जास्त. या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना तो सारखाच कळेल. पगाराचा आकडा सगळेच वाचतात. त्याखालची, करार संपल्यानंतरची ओळही वाचावी.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य