दुखणं थांबल्यानंतरचे दिवस



मुलीची कॉलरबोन मोडली की पहिले काही आठवडे सगळं घर तिच्याभोवती असतं. हात झोळीत असतो. कुणी वेणी घालून देतं, कुणी दप्तर उचलतं, कुशीवर वळता येत नाही म्हणून रात्री उशा लावून दिल्या जातात. या दिवसांत काय करायचं, ते तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांविषयी. झोळी सुटते, दुखणं थांबतं आणि लेक विचारते, "आई, क्लाइंबिंगला कधी जाऊ?"

आधी हाडाविषयी थोडं. आपला हात धडाशी हाडानं जोडलाय तो फक्त कॉलरबोनमुळे. बाकी सगळं स्नायूंनी धरलेलं असतं. त्यामुळे मूल कुशीवर पडलं आणि खांदा आपटला की धक्का थेट या हाडावर येतो आणि ते बहुतेक वेळा मधोमध मोडतं. लहान मुलांमध्ये ते साधारण तीन ते सहा आठवड्यांत जुळतं, किशोरवयात सहा ते आठ आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात. शस्त्रक्रियेची गरज बहुतेक मुलांना पडत नाही. जुळताना कातडीखाली टेंगूळ हाताला लागतं. ते नव्यानं तयार झालेलं हाड असतं, घाबरू नका. वाढत्या वयात पुढच्या काही महिन्यांत ते बरंच ओसरतं.

मात्र हाड जुळलं म्हणजे खांदा चढाईला तयार झाला असं नाही. झोळीतल्या आठवड्यांत स्नायू बारीक होतात, सांधा आखडतो. नवं हाडही काही काळ कच्चंच असतं. आणि नेमकं याच काळात दुखत मात्र काही नसतं. अशा वेळी पुन्हा पडलं तर हाड त्याच जागी मोडू शकतं. म्हणून "आता दुखत नाही ना?" एवढंच विचारून थांबू नका. दोन्ही हात सारखेच वर जातात का? भिंतीला हात टेकून आणि नंतर जमिनीवर दंड काढताना दोन्ही बाजूंना सारखा जोर लागतो का? एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाड पक्कं झाल्याचं सांगितलंय का? या सगळ्याला 'हो' आल्याशिवाय हार्नेस चढवू नका. पडण्या-आपटण्याच्या खेळांसाठी बहुधा दोन-तीन महिने थांबावं लागतं.

थांबण्याच्या काळात मुलं चांगल्या हातानं लटकून बोटांची ताकद वाढवू पाहतात. त्यांना थांबवा. वाढत्या वयात बोटांच्या हाडांमधले वाढीचे भाग नाजूक असतात आणि तिथली दुखापत दीर्घकाळ त्रास देते. त्याऐवजी एका पायावर तोल सांभाळणं, पोटाचे व्यायाम, खाली उभं राहून चढाईचा मार्ग वाचणं, हे सगळं करता येतं.

परतताना एक गोष्ट पालकांना उलटी वाटते. उंच भिंत पाहून आपला जीव वरखाली होतो आणि चार-साडेचार मीटरची बोल्डरिंगची भिंत निर्धोक वाटते. बऱ्या होत असलेल्या खांद्यासाठी हिशेब वेगळा आहे. टॉप रोपवर, म्हणजे वरून दोर बांधून चढताना, हात सुटला तर दोर लगेच झेलतो. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं खालच्या गादीपर्यंत जातं. म्हणून सुरुवात टॉप रोपवर, कललेल्या सोप्या भिंतीवर, मोठ्या होल्डवर, पायांवर भार ठेवून करावी. मग उभी भिंत, मग ओव्हरहँग, आणि लीड (दोर स्वतः अडकवत वर जाणं) व बोल्डरिंग सगळ्यांत शेवटी. त्याआधी पडायला नव्यानं शिकू द्या: दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, हात छातीशी घेऊन पाठीवर लोळायचं, हात मागे टेकायचा नाही. बाहेरचा नैसर्गिक कातळ, मुंब्र्याचा किंवा नागफणीचा, त्याहून पुढचा. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये हाताखालचा दगड निखळू शकतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अपघातानंतर काही घरांत "पुन्हा दुखलं तर क्लाइंबिंग बंद" असं बजावलं जातं. त्यामागची काळजी मला समजते. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की दुखलं तर सांगायचं नाही. काही घरांत याच्या उलट घडतं. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली, टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि मुलांच्या डोळ्यांपुढे मोठी वाट उघडली. मग निवड चाचणी चुकू नये म्हणून घाई होते. घाईच्या घरातलं मूलही दुखणं लपवतं. खांद्यात आत काय होतंय ते फक्त लेकीलाच कळतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, तर डॉक्टर, प्रशिक्षक आणि आपण, सगळे अंधारात राहतो.

भीतीचंही तसंच आहे. जिथून पडली, त्या जागी ती थबकेल, कदाचित रडेल. "त्यात काय घाबरायचं" म्हणू नका, "म्हटलं होतं ना" तर अजिबात म्हणू नका. खाली उतरू द्या. पुढच्या खेपेला त्याहून एक होल्ड वर गेली तरी पुष्कळ झालं, आणि कधी नाही गेली तरी चालतं.

पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जा. कोणता खांदा, किती आठवडे झाले, डॉक्टर काय म्हणाले, ते तिच्या समोरच प्रशिक्षकांना सांगा. आणि दुखल्यास काय करायचं ते आधीच ठरवा: त्या दिवशी चढाई थांबवायची, डॉक्टरांना दाखवायचं, त्यांनी परवानगी दिली की एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू करायचं. दुखतंय म्हटल्यानं खेळ हातचा जात नाही, हे तिला एकदा पटलं की ती तुम्हाला खरं सांगत राहील.