शिकलेल्या हातानें पुन्हा शिकणें

एक विद्या हातीं आली म्हणजे तिच्या शेजारची दुसरी आपोआप साधेल, असा आपला समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हें ‘जिप्सी जाझ’ या नांवाचें गिटारवादन शिकूं पाहणाऱ्या, परंतु अन्य पद्धतींत तयार झालेल्या वादकास लवकरच कळून येतें.

या शैलीचा जनक जँगो राइनहार्ट हा १९१० सालीं बेल्जममध्यें जन्मला. तो मानूश जमातीचा होता. हे लोक रोमा समाजापैकीं असून त्यांचे पूर्वज फार पूर्वीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले. रोमा भाषेंत अद्यापि पाण्यास ‘पानी’ व कानास ‘कान’च म्हणतात. १९२८ मध्यें राहत्या गाडीस आग लागून जँगोच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमचीं निकामी झालीं. तेव्हां तो अठरा वर्षांचा कमावता वादक होता. उरलेल्या दोन बोटांनीं सुरावटी वाजविण्याची नवी रीत त्यानें बसविली. म्हणजे या शैलीच्या मूळ पुरुषासच आपली कला दुसऱ्यांदा शिकावी लागली.

१९३४ मध्यें जँगो व व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनीं पॅरिस येथें जो संच उभारला, त्यांत तीन गिटार, एक व्हायोलिन व एक डबल बेस एवढींच वाद्यें होतीं. तालवाद्य मुळींच नव्हतें. म्हणून गिटारचा नाद मोठा हवा आणि ताल धरण्याचें कामही तिनेंच केलें पाहिजे.

नाद मोठा होण्यासाठीं मनगट किंचित् वांकवून, हात वाद्यावर न टेकतां, जाड नखीनें तारेवर खालीं आघात करितात. आघातानंतर नखी पुढील तारेवर विसांवते. तार बदलली कीं पहिला आघात पुन्हा खालींच. खालीं-वर असे समान आघात करण्याची संवय झालेला हात येथें अडखळतो. चार स्वरांचा एखादा पलटा घेऊन तो अगदीं विलंबित लयींत घोटणें, हाच त्यावर उपाय.

तालाच्या साथीस फ्रेंच लोक ‘ला पोम्प’, म्हणजे पंप, म्हणतात. चार मात्रांपैकीं दुसरी व चौथी जोरानें वाजवून डाव्या हाताचा दाब लगेच सोडावयाचा, म्हणजे नाद तुटतो. मानूश घराण्यांतील मुलें प्रथम वडीलधाऱ्यांस अशी साथ करूनच शिकतात. परका वादक मात्र ती कमी प्रतीची समजून एकदम द्रुत सुरावटींकडे धांवतो. आणि त्याचें वादन लयहीन होतें.

सुरावटींचीही गोष्ट निराळी आहे. एकच स्वरसप्तक धरून चालणाऱ्यास येथें बदलत्या स्वरसमूहाबरोबर आपले स्वरही बदलावे लागतात. १९३७ ची ‘मायनर स्विंग’ ही रचना थोड्याच स्वरसमूहांची असल्यानें आरंभास सोयीची आहे.

या अभ्यासांत कांहीं महिने असे येतात कीं, जुना हात मोडलेला व नवा बसलेला नसतो. पालकांनीं अशा वेळीं मुलगा मागें पडला असें मानूं नये. विद्यार्थ्यानेंही चारचौघांत वाहवा मिळावी म्हणून जुन्या संवयीकडे परतूं नये. पूर्वींची विद्या व्यर्थ जात नाहीं. तयार कान व रियाजाची शिस्त सोबतीस येतातच. फक्त हातानें कांहीं काळ नवशिक्या होण्यास लाजतां कामा नये.