रस्टमध्ये स्ट्रिंगचा सराव, मराठी शब्द घेऊन

स्ट्रिंगच्या सरावाला 'हॅलो'सारखा इंग्रजी शब्द घेऊ नका. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे चुकीचा प्रोग्रामसुद्धा बरोबर उत्तर देतो आणि चूक महिनोन्महिने लपून राहते. 'मराठी' हा शब्द घ्या, चूक पहिल्याच फेरीत उघडी पडेल.

रस्टअपने रस्ट बसवून घ्या, 'कार्गो न्यू'ने नवा प्रकल्प उघडा आणि मेन फंक्शनमध्ये 'मराठी' हा शब्द एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.

1. आधी मोजणी. त्या व्हेरिएबलवर लेन चालवा. उत्तर येईल 15. आता चार्स आणि त्याला जोडून काउंट चालवा. उत्तर 5. आणि आपण तोंडाने मोजली तर अक्षरे तीनच: म, रा, ठी. तिन्ही आकडे खरे आहेत. रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-8 मध्ये साठवलेली असते आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून चिन्हे पाच आणि बाइट पंधरा. विश्वास बसत नसेल तर बाइट्स छापून पाहा: 'म'साठी 224, 164, 174 असे तीन आकडे दिसतील. ही पायरी घाईत उरकू नका, पुढचे सगळे हिच्यावरच उभे आहे.

2. आता तुकडा पाडा. चौकटी कंसात नुसता 0 लिहून पहिले अक्षर मागितले, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. 0 ते 3 मागा, 'म' मिळेल. 0 ते 4 मागा, आणि प्रोग्राम चालता चालता पॅनिक होऊन थांबेल, कारण चौथा बाइट 'र'च्या पोटात आहे. पॅनिकचा संदेश पूर्ण वाचा. कोणत्या चिन्हाच्या मधोमध कापले गेले, ते चिन्ह कुठल्या बाइटपासून कुठवर आहे, हे तो नेमके सांगतो. मग तीच मागणी गेट वापरून करा. आता पॅनिक नाही, नन मिळते. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर कापायचा असेल तर गेटच वापरावे. आणि कापायची जागा अंदाजाने लिहिण्यापेक्षा चार-इंडायसेसकडून घ्यावी.

3. जोडणी. आतापर्यंतचा शब्द नुसता वाचण्यापुरता होता. वाढवायचा तर स्ट्रिंग-फ्रॉमने त्याची स्वतःच्या मालकीची प्रत करा आणि व्हेरिएबल म्यूट ठेवा. पुश-स्टरने 'भाषा' जोडा, लांबी 27 होईल. अधिक चिन्हानेही जोडता येते, पण त्यात डावीकडच्या स्ट्रिंगची मालकी जाते आणि ती पुन्हा वापरली की कंपायलर अडवतो. दोन्ही हाताशी हव्या असतील तर फॉरमॅट मॅक्रो बरा. ट्रिम, रिप्लेस आणि स्प्लिट-व्हाइटस्पेस एकेकदा चालवून पाहिले तरी पुरे.

4. उलटा करा. चार्सला रेव्ह जोडून 'मराठी' उलटवा. सुटी वेलांटी पुढे येईल आणि 'रा'चा काना 'ठ'ला चिकटेल. हवे आहे 'ठीराम'. त्यासाठी अक्षरे ओळखावी लागतात, आणि ते काम रस्टच्या मूळ लायब्ररीत नाही. 'कार्गो ॲड'ने युनिकोड-सेग्मेंटेशन हा क्रेट आणा आणि ग्राफीम्स वापरा. जोडाक्षरांबाबत सावध राहा: युनिकोडच्या जुन्या नियमाने 'महाराष्ट्र'चे सहा तुकडे पडत, 2023 च्या 15.1 आवृत्तीपासून 'ष्ट्र' एकसंध धरून चार पडतात. तुमच्या क्रेटची आवृत्ती कोणता नियम पाळते, ते छापून तपासा.

5. आता खरी परीक्षा: वाक्य उलटसुलट सारखेच वाचले जाते का, हे सांगणारे फंक्शन लिहा. आधी जागा काढून टाका, मग अक्षरे पाडा, मग उलट्या क्रमाशी ताडून पाहा. 'रामाला भाला मारा' द्या. चार्स वापरले असतील तर उत्तर 'नाही' येईल, ग्राफीम्सने 'हो'. 'नवजीवन'चेही तसेच. मग 'चिमा काय कामाची' द्या. ग्राफीम्स वापरूनही उत्तर 'नाही' येईल, कारण सुरुवातीची 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ. कानाला सारखे वाटणारे सारखे धरायचे असेल, तर ताडण्याआधी रिप्लेसने ऱ्हस्व वेलांटी आणि उकार दीर्घ करून घ्या. पण हा बदल वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. शब्दकोशात शोधणाऱ्या प्रोग्रामला 'दिन' आणि 'दीन' निराळेच हवेत.