नमुन्यांची चित्रे इंटरनेटवर कोठे ठेवावीत?

जरीकाम, सुलेखन, लाकडी कोरीवकाम करणारे कारागीर बांधव आता आपल्या नमुन्यांची चित्रे इंटरनेटवर ठेवतात व त्यांची लिंक गिऱ्हाइकाला पाठवतात. अशी जागा निवडताना ती फुकट आहे एवढेच पाहू नये.

अमेरिकेतील फोटोबकेट कंपनीने २०१७ साली नियम बदलले. तेथील चित्रे इतर संकेतस्थळांवर दाखवायची तर वर्षाला ३९९ डॉलर भरणे भाग पडले. अनेक विक्रेत्यांच्या मालाची चित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. टायनीपिक २०१९ साली बंदच पडली. इमगरने २०२३ साली, खात्याशी न जोडलेली व वापरात नसलेली जुनी चित्रे काढून टाकण्याचा नियम केला.

म्हणून चार गोष्टी तपासाव्यात :

१) मोफत जागा किती व पुढे फी किती?

२) चित्र मूळ आकारात राहते का? जरीचा बारीक टाका स्पष्ट दिसला पाहिजे.

३) सर्व चित्रे एकदम परत घेता येतात का?

४) आपली चित्रे वापरण्याचा किती हक्क कंपनी घेते?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही कुरआनची शिकवण (सूरह अल-बकरह, आयत २८२) आपण जाणतो. येथे करार कंपनीने आधीच लिहिलेला असतो. आपण तो न वाचताच 'मान्य' म्हणतो. तो आधी वाचावा.

जागा कोणतीही निवडा, मूळ चित्रे मात्र स्वतःजवळ दोन ठिकाणी जपून ठेवा. दुसऱ्याच्या ओट्यावर माल मांडावा. गोदाम आपलेच असावे.